मारुतीच्या सभामंडपात साउंड बसवताना

“महाराजस्नी काय सांगं व माय?”

कीर्तनाहून घरी आलं की मोठी माय दर वेळी हेच विचारायची. मोठी माय म्हणजे माझी आजेसासू, वय ब्याऐंशी. दोन तास सभामंडपात बसायचं, हाताने ताल धरायचा आणि घरी आल्यावर महाराजांनी कोणता अभंग घेतला, कोणता दृष्टांत दिला ते माझ्याकडून ऐकायचं. मला वाटायचं, वयाने कान गेले. ८ फेब्रुवारीला जया एकादशीला आम्हा बायकांचं भजन होतं. त्या दिवशी पेटी दुसरीकडे सोपवून मी मुद्दाम मागच्या खांबापाशी, तिच्या शेजारी जाऊन बसले. मलाही शब्द लागला नाही. भोंग्यातून नुसते ‘स’ आणि ‘च’ चिरत येत होते, बाकीचा आवाज पत्र्याखाली घुमून एकमेकांत कालवला जात होता. मृदंग वाजतोय हे जिभाऊंचा हात हलताना दिसला म्हणून कळलं. चैत्रातल्या सप्ताहाच्या आत हे नीट करायचं, असं मी त्याच रात्री ठरवलं.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरीच्या काठाला. मी गावात सेवा केंद्र चालवते. दाखले, सातबारा, पीकविमा, दिवसभर अर्जच अर्ज. त्यामुळे कागदांची मला भीती नाही. तारांची मात्र होती. मिक्सरच्या मागची ती भोकं पाहिली की पोटात गोळा यायचा. कुणाला विचारावं तर प्रत्येक जण वेगळं सांगायचा आणि का ते कुणीच सांगायचं नाही. म्हणून जे जसं घडलं ते तारखांसकट, पैशांसकट लिहून ठेवतेय. एखाद्या मंडळाच्या दोन चकरा आणि एखादा ॲम्प वाचला तरी पुष्कळ.

देवळात आधीपासून एक जुना ॲम्प्लिफायर आणि दोन भोंगे होते. यंत्र वीस वर्षांचं, अजून दणकट. पण भोंगा साधारण तीनशे-चारशे हर्ट्झच्या खालचं फारसं काढतच नाही. मृदंगाच्या धुमेचा, म्हणजे डाव्या हाताच्या जाड तोंडाचा, सगळा जीव त्याच्या खाली. म्हणजे आवाज वाढवून ती अडचण कधीच सुटणार नव्हती. शिवाय भोंगे १०० व्होल्टच्या लाइनवर होते. अशा ॲम्प्लिफायरच्या मागे ४, ८, १६ ओहम, ७० व्होल्ट, १०० व्होल्ट अशा खुणा असतात. लांबवर तार न्यायची तर १०० व्होल्ट सोयीचं पडतं, पण भोंग्याला त्याचा ट्रान्सफॉर्मर लागतो. त्या खुणेवर साधा ८ ओहमचा बॉक्स सरळ जोडायचा नाही, बॉक्स तरी जातो नाहीतर ॲम्प. आम्ही जुनं यंत्र मोडीत काढलं नाही. पंगतीच्या सूचना द्यायला बाहेर ते अजून चालतं.

१६ फेब्रुवारीच्या रविवारी मंडळाची बैठक बसली. मिक्सर, ॲम्प, दोन बॉक्स इथपर्यंत सगळे माना हलवत होते. मी सबवूफर (फक्त खालचा, जाड आवाज काढणारा बॉक्स) म्हटलं आणि नाना एकदम सरळ बसले. “देवना दारमा डीजे आनतस का?” त्यांचा राग मला समजत होता. लग्नसराईत डीजेची गाडी गल्लीतून जाते तेव्हा खिडक्यांची तावदानं हलतात, गोठ्यातली गुरं दावं तोडायला बघतात. सब म्हणजे छातीवरचा तोच दणका, असं गावात पक्कं बसलंय. मी काही बोलायच्या आत जिभाऊच म्हणाले, “नाना, मी डावा हात मारतो तो पहिल्या रांगेच्या पुढं जात नाही. मग कणीक लावायची तरी कशाला?” जिभाऊ चाळीस वर्षं मृदंग वाजवतायत. ते बोलल्यावर बैठक शांत झाली. शेवटी ठरावात एक वाक्य घातलं: सदर सबवूफर देवळाबाहेर, लग्नाला अथवा मिरवणुकीला देण्यात येणार नाही. नानांनी खाली सही केली. हे वाक्य आधीच लिहून घ्या. नंतर कुणाच्या घरचं लग्न निघालं की नाही म्हणायला कागद हाताशी असतो.

वर्गणी कापसाच्या पैशांतून आली. कुणी ५०१ दिले, कुणी ५,००१. ९ मार्चपर्यंत ९६,००० जमले. ११ तारखेला मी आणि माझा दीर अमळनेरहून गाडी धरून धरणगाव, पाळधी करत जळगावला गेलो.

दुकानात पहिला सल्ला मिळाला तो अठरा इंची दोन सबचा. दीर तयारही झाला होता. मी सोबत सभामंडपाची मापं नेली होती: ४० बाय २५ फूट, वर पत्रा, खाली फरशी, तीन बाजूंनी भिंत, माणसं दीडशे-दोनशे. दोन दुकानं फिरून एक पंधरा इंची सब घेतला, १७,५०० ला. बारा इंची बॉक्सची जोडी २६,०००, दोन चॅनलचा ॲम्प २४,०००, बारा चॅनलचा मिक्सर १३,५००, क्रॉसओव्हर (वरचा आवाज बॉक्सना आणि खालचा सबला वाटून देणारं यंत्र) ६,८००. वॅटचे आकडे बघताना आरएमएस, म्हणजे सलग पेलणारी खरी ताकद, कोणता ते विचारा. खोक्यावर पीएमपीओ म्हणून मोठा आकडा छापलेला असतो, त्याला काही अर्थ नसतो.

ॲम्प एकच का, हे मला सगळ्यांत उशिरा कळलं, म्हणून जरा सावकाश सांगते. सभामंडपात सगळ्यांना एकच आवाज ऐकवायचा असतो, डावा-उजवा वेगळा नको. म्हणून ॲम्पचा पहिला चॅनल दोन्ही बॉक्सना आणि दुसरा चॅनल एकट्या सबला. आमचे बॉक्स ८ ओहमचे आहेत. दोन बॉक्स समांतर जोडले की ॲम्पला ते ४ ओहम दिसतात. आमच्या ॲम्पवर ‘कमीत कमी ४ ओहम’ लिहिलंय, म्हणजे बसलं. तिसरा बॉक्स त्याच तारेला लावला असता तर २.६७ ओहम झाले असते आणि ॲम्प तापून प्रोटेक्टला गेला असता, म्हणजे स्वतःला वाचवायला आपोआप बंद पडला असता. पुढे कुणी बॉक्स दान देईल तेव्हा हे लक्षात ठेवायचं, म्हणून तो आकडा मी ॲम्पवरच पट्टी लावून लिहून ठेवलाय.

माल तीन दिवसांत पोचवतो म्हणाले होते. आठव्या दिवशी, १९ मार्चला आला, आणि त्यात क्रॉसओव्हरच नव्हता. रोज फोन. तो २४ ला मिळाला. सप्ताहाला बारा दिवस राहिले होते आणि मला रात्री झोप लागत नव्हती.

मधल्या काळात परवानगीच्या चकरा सुरू होत्या. १७ मार्चला पहिल्यांदा पोलिस ठाण्यात गेले तेव्हा मी फक्त अर्ज आणि आधारची झेरॉक्स नेली होती. मला सांगितलं, ग्रामपंचायतीचं ना हरकत आणा, जबाबदार माणसाचं नाव-नंबर द्या, यंत्रांची यादी द्या, आणि देवळापासून शाळा किती अंतरावर ते लिहून आणा. शाळा, दवाखाना, न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र धरतात. दिराने आणि मी टेप धरून जिल्हा परिषद शाळेच्या फाटकापर्यंत मोजलं: १४० मीटर. त्याचा हाताने नकाशा काढला, ग्रामसेवकाचा शिक्का घेतला. दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्या खेपेला कागद आत गेले, पण त्याआधी मी माझ्या प्रतीवर पोच आणि आवक क्रमांक मागून घेतला. हे माझ्या धंद्यातलं शहाणपण. पोच नसली की पुढच्या खेपेला ‘अर्ज दिसत नाही’ ऐकायला लागतं. तीन खेपांना एसटीचं अर्धं तिकीट म्हणून खर्च फारसा झाला नाही, पण तीन दिवस केंद्र अर्धवेळ बंद राहिलं.

परवानगीमागचा नियम माहीत असावा. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंद ठेवायचा. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकारला १२ वाजेपर्यंत सूट देता येते, पण ते दिवस सरकार जाहीर करतं. आपल्या सप्ताहासाठी आपण ते मागून मिळत नाहीत. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या मर्यादेच्या वर १० डेसिबल, किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी त्याच्या पुढे जायला नको. आमच्याकडे वर्षानुवर्षं कीर्तन नऊला उभं राहायचं आणि अकराला संपायचं. या वेळी आठला उभं केलं. सायंकाळचा हरिपाठही अर्धा तास आधी घेतला. शेतावरून येणाऱ्यांची धावपळ झाली, पण तक्रार कुणी केली नाही. परवानगीचं पत्र २ एप्रिलला हातात आलं.

आता विजेचं. खरं तर हे सगळ्यांत आधी करायचं होतं. मागच्या वर्षी काकड्याला एका पोराचा ओठ माइकच्या जाळीला लागला आणि त्याला झटका बसला होता. तेव्हा सगळे ‘माइक खराब’ म्हणून मोकळे झाले. इलेक्ट्रिशियन दादाने २० मार्चला मल्टिमीटर लावला तेव्हा खरं कळलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २१० व्होल्ट, आणि फेज आणि अर्थमध्ये काटा ९० च्या आसपास भटकत होता. म्हणजे सॉकेटला तिसरं भोक होतं, पण त्याच्या मागची तार जमिनीपर्यंत पोचतच नव्हती. देवळामागे आठ फूट खड्डा खणला, पाइप घातला, कोळसा आणि मीठ भरलं. खर्च ४,८०० रुपये. दोन दिवसांनी परत मोजलं. फेज-अर्थ २०८, न्यूट्रल-अर्थ २ व्होल्ट. मला त्या ‘२’ कडे बघून जितकं हायसं वाटलं तितकं मिक्सर उघडतानाही वाटलं नव्हतं. आपली काळी माती वैशाखात भेगाळते, कोरडी पडते आणि अर्थिंगची पकड सुटते. म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात दर चार दिवसांनी दोन बादल्या पाणी ओतायचं काम पुजारीबुवांनी अंगावर घेतलंय. सोबत नवा बोर्ड आणि एमसीबी, २,१०० रुपये.

२५ मार्चला संध्याकाळी पहिल्यांदा सगळं जोडलं. मिक्सरच्या मेन आउटमधून कॅनन पिनची (माइकला असते ती तीन पिनांची) तार क्रॉसओव्हरला, क्रॉसओव्हरच्या ‘हाय’ मधून ॲम्पच्या पहिल्या चॅनलला, ‘लो’ मधून दुसऱ्या चॅनलला. ॲम्पपासून बॉक्सना स्पीकरची तार. बटणं चालू केली, टाळकऱ्यांना टाळ वाजवायला सांगितले, आणि मी सबजवळ जाऊन उभी राहिले. सबमधून टाळ ऐकू येत होते. स्वच्छ, किणकिणते टाळ. आणि जिभाऊंनी धुमेवर थाप मारली तर सब गप्प.

दोन तास तारा उलटसुलट केल्या. दुकानात फोन केला तर ‘सब खराब असेल, पाठवून द्या’. रात्री दहाला कंटाळून मी ॲम्पच्या मागे टॉर्च धरला. स्पीकरच्या खिट्ट्यांच्या बाजूला नखाएवढा एक सरकता खटका होता. त्याला तीन घरं: स्टिरिओ, पॅरलल, ब्रिज. खटका ब्रिजवर होता. दुकानात वाजवून दाखवताना कुणीतरी सरकवला असेल. ब्रिजमध्ये ॲम्प दुसऱ्या चॅनलचा सिग्नल घेतच नाही. पहिल्या चॅनलचाच सिग्नल उलटा करून दुसऱ्याला देतो. म्हणून बॉक्सना जाणारे टाळ सबमध्ये वाजत होते आणि सबची धुम कुठेच जात नव्हती. ॲम्प बंद केला, नखाने खटका स्टिरिओवर आणला, परत चालू केला. जिभाऊ तोवर घरी गेले होते. मीच मृदंगावर हात मारला आणि पायाखालची फरशी किंचित बोलली. नवीन ॲम्प आणला की तार लावायच्या आधी पाठीमागचे सगळे खटके बघा. ब्रिजमध्ये चुकून कमी ओहमचा भार लागला तर ॲम्प जळतोही.

दुसऱ्या दिवशी हमिंग. घूंऽऽ असा सलग आवाज, कुणी गात नसलं की सगळ्या मंडपात. मिक्सर देवळाच्या बोर्डावर होता आणि ॲम्प शेजारच्या व्यायामशाळेच्या सॉकेटवर, कारण तिथून तार जवळ पडत होती. दोन ठिकाणच्या दोन अर्थिंग, आणि त्यांना जोडणारी आमची आवाजाची तार, तिच्या जाळीतून वीज फिरणार आणि ५० हर्ट्झचा घुमारा बॉक्समधून येणार. इलेक्ट्रिशियन दादा म्हणाले, “ताई, ॲम्पच्या पिनची मोठी पिन काढून टाकू, आत्ता हमिंग जाईल.” गेलं असतं, हे मलाही माहीत होतं. पण त्याच मोठ्या पिनेसाठी आम्ही खड्डा खणला होता. घामाने भिजलेला माणूस दोन तास धातूचा माइक धरून उभा राहतो. त्याच्या आणि विजेच्या मध्ये ती एक पिन असते. मी हात जोडून नाही म्हटलं. त्याऐवजी देवळाच्या बोर्डावरून तीन पिनी जाड तारेची एक्स्टेन्शन ओढली आणि मिक्सर, क्रॉसओव्हर, ॲम्प तिन्ही त्याच पट्टीवर लावले. घूं थांबला. उरला एक बारीक चिरका आवाज, तो तंबोऱ्याच्या ॲपसाठी ठेवलेल्या मोबाइलच्या चार्जरचा निघाला. आता मोबाइल आधी भरून आणतो.

तारांचं एवढंच: दुकानातून बॉक्सबरोबर आलेली तार ०.७५ चौरस मिलिमीटर जाडीची होती. आमचं अंतर अठरा मीटर, जाऊन-येऊन छत्तीस. एवढ्या लांबीला त्या तारेतच जवळपास ०.९ ओहम जातात, आणि समोर भार फक्त ४ ओहमचा. २.५ ची तांब्याची तार घेतली, तिथे पाव ओहमच्या आसपास. तरीही नंतर ॲम्प बॉक्सच्या जवळ नेला आणि मिक्सरपासूनची आवाजाची तार लांब ठेवली. कॅनन पिनच्या तारेत आवाज दोन तारांवरून एकमेकांच्या उलट जातो, वाटेत शिरलेला गोंगाट पुढे एकमेकाला खाऊन टाकतो, म्हणून ती लांब चालते. माइकची तार स्पीकरला कधी लावू नये. बाहेरून सारखी दिसली तरी आतली तार केसाएवढी असते. तारा आणि पिना मिळून ६,२०० झाले, स्टँड ३,४००. बेरीज १,०४,३००. वर्गणीपेक्षा ८,३०० जास्त. ते आमच्या बायकांच्या भजनी मंडळाच्या डब्यातून दिले.

२८ तारखेला जिभाऊ निवांत वाजवायला बसले आणि म्हणाले, “सब बंद करा बरं.” बंद केला, तर धुम वाढली. चालू केला, तर पातळ झाली. माझा विश्वासच बसेना. सबच्या तारेची लाल-काळी बाजू बदलली गेली होती. बॉक्सचा पडदा पुढे येताना सबचा मागे जात होता आणि जिथे दोघांचा आवाज एकत्र यायचा, तिथे एकमेकाला मारत होता. याची तपासणी सोपी आहे. तार ॲम्पपासून सोडवायची आणि भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल तिच्या टोकांना क्षणभर टेकवायचा. सेलचं धन टोक लाल तारेला लावल्यावर पडदा पुढे आला पाहिजे. आमचा मागे गेला. तारा बदलल्या. ज्यांच्या क्रॉसओव्हरवर फेजचं बटण आहे त्यांना तेवढंही करायला नको.

पण सगळ्यांत जास्त फरक पडला तो सब मेन आउटवरून काढल्याने. क्रॉसओव्हर १०० हर्ट्झवर लावला होता. पुरुषाचा आवाज त्याच्याही थोडा खाली उतरतो. शिवाय महाराज माइकजवळ श्वास सोडतात, पाय आपटतात, वीणेकऱ्याचा हात स्टँडला लागतो. ते सगळं सबमधून धड्‌धड्‌ येत होतं आणि शब्द गढूळ होत होते. मग मिक्सरचा एक ऑक्स (हवे तेवढेच माइक वेगळे बाहेर काढायची वाट) घेतला, त्याचं बटण पोस्ट फेडरवर ठेवलं, म्हणजे माइकचा फेडर हलवला की ऑक्सही तसाच कमी-जास्त होतो, आणि तो ऑक्स क्रॉसओव्हरच्या दुसऱ्या बाजूला देऊन तिथला ‘लो’ सबच्या चॅनलला नेला. आता धुमेच्या माइकचा ऑक्स उघडा, पेटीचा थोडासा, बाकी सगळ्यांचा शून्य. गाणाऱ्यांच्या प्रत्येक चॅनलवर लो-कट (खालचा आवाज कापणारं बटण) दाबलेला, धुमेवर सोडलेला. सबमध्ये फक्त जिभाऊंचा डावा हात. नाना त्या संध्याकाळी येऊन बसले, बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, “यातला सब कोणता?” मी बोटाने दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्याच्यावर टाकायला घरून गोधडी घेऊन आले.

बॉक्सचा आवाज परत माइकमध्ये शिरला की शिट्टी वाजते, ती टाळायला बॉक्स महाराजांच्या मागून काढून त्यांच्या पुढे, डोक्याच्या वर येतील असे स्टँडवर चढवले आणि तोंड शेवटच्या रांगेकडे झुकवलं. मागच्या भिंतीला गोधड्या टांगल्या, खाली सतरंज्या वाढवल्या. एकेक माइक शिट्टीच्या काठापर्यंत नेऊन तिथून मागे घेतला. गेन म्हणजे मोटेत किती भरलं आणि फेडर म्हणजे पाटात किती सोडलं, एवढं डोक्यात बसल्यावर मिक्सरची भीती गेली. पीएफएल (त्या एकाच माइकचा जोर दिव्यांवर दाखवणारं बटण) दाबायचं, माणसाला खऱ्या जोरात गायला लावायचं, दिवे शून्याच्या आसपास खेळतील एवढाच गेन द्यायचा. हळू आवाजात ‘हॅलो हॅलो’ करून लावलेला गेन कीर्तनात फुटतो. गुढीपाडव्याला, ३० मार्चला, पहिला पूर्ण हरिपाठ झाला. त्या रात्री सगळ्या बटणांचे मोबाइलवर फोटो काढले, प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाची टेप लावली, आणि एका कागदावर लिहून चिकटवलं: चालू करताना मिक्सर, क्रॉसओव्हर, शेवटी ॲम्प, बंद करताना ॲम्प पहिला. क्रम चुकला की बॉक्समधून जो ‘ढप्प’ आवाज येतो तो पडद्याला मारक असतो.

५ एप्रिलला सप्ताह उभा राहिला. काकडा पहाटे, म्हणजे सहापर्यंत यंत्र बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रवचनात ॲम्प प्रोटेक्टला गेला. पत्र्याखाली भट्टी झाली होती आणि कुणीतरी नीट दिसावा म्हणून ॲम्पवर कापड टाकलं होतं. कापड काढलं, विटांवर ठेवून खालून हवा मोकळी केली, पुढे टेबलफॅन लावला. परत तसं झालं नाही.

८ तारखेच्या रात्री कीर्तन दहाला पाच मिनिटं असताना संपलं. घरी आल्यावर मोठी मायने काही विचारलं नाही. हातपाय धुतले, ओट्यावर बसली आणि शेजारच्या काकूंना महाराजांचा दृष्टांत स्वतःच सांगायला लागली. मी दारात उभी राहून ऐकत होते. शेवट तिने थोडा वेगळा सांगितला. मध्येच माझ्याकडे बघून म्हणाली, “आज बठ्ठं ऐकू उनं.” आज सगळं ऐकू आलं. मी आत जाऊन चुलीपाशी थोडा वेळ नुसती बसून राहिले.

१२ तारखेला हनुमान जयंती, काला झाला, पंगत झाली. दुसऱ्या दिवशी सगळं पुसून लोखंडी कपाटात गेलं. एक गोष्ट मात्र राहिलीय. शब्द मागपर्यंत पोचतात, पण मोठी माय बसते त्या खांबापाशी धुम अजून पातळ लागते. दोन हात पुढे सरकलं की भरते. खांब मागच्या भिंतीपासून साडेतीन फुटांवर आहे. ८० हर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण ४.३ मीटर, तिचा पाव भाग म्हणजे जवळजवळ हेच अंतर. भिंतीवर आपटून परत येणारी लाट नेमकी तिथे समोरून येणारीला मारते. सोपा उपाय म्हणजे तिची सतरंजी पुढे घेणं. तिला विचारलं, पण पन्नास वर्षं ज्या खांबाला पाठ टेकली तो ती सोडणार नाही. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की मी आणि जिभाऊ टेप घेऊन सबची जागा बदलून बघणार आहोत.